वाट कोणी चुकवली?

गेल्या काही महिन्यांत आमच्या धर्मग्रामातील तिघा वाहनचालकांनी, तीन निरनिराळ्या प्रसंगी, मला एकच वाक्य ऐकवले : "फादर, मी नाही चुकलो, जीपीएस चुकलं."

पहिला टेम्पो चालवतो. आनंदनगर औद्योगिक वसाहतीतून माल घेऊन तो उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात निघाला होता. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित बांधवांची वस्ती झाली आणि १९४९ साली तिला आजचे नाव मिळाले. छावणीच्या बरॅकींचे क्रमांक तेथील पत्त्यांत अजूनही टिकून आहेत. त्या क्रमांकांचा क्रम तेथे राहणाऱ्यांनाच ठाऊक! यंत्राने टेम्पो अशा गल्लीत नेला, की वळवायलाही जागा नाही. मागे घेताना एका घराच्या ओट्याची पायरी फुटली. घरच्या बाईंनी जाब विचारला, तेव्हा या गृहस्थाने मोबाईल पुढे धरला, जणू गुन्हेगाराला हजर करत आहे.

दुसरा शाळेची मुले नेणारा. 'या रस्त्याने सात मिनिटे वाचतील' असे यंत्राने सांगितले, म्हणून तो रोजचा रस्ता सोडून गेला आणि खोदलेल्या रस्त्यापाशी अडकला. तिसरा तरुण. पावसाळ्यात मित्रांसह बारवी धरणाच्या बाजूला गेला होता. परतताना नकाशावरील रेघ शेतात जाऊन विरली आणि फोनची बॅटरीही संपली. रात्री दोन वाजता गावकऱ्यांनी त्याला बदलापूरच्या रस्त्याला लावून दिले.

तिघांचे बोलणे ऐकून मी प्रथम हसलो. मग हसू ओसरले. कारण हेच वाक्य मी स्वतः एकदा उच्चारले होते, आणि ते फुटलेल्या पायरीपुढे नव्हे, तर एका मृत्युशय्येपुढे.

२०१३ च्या पावसाळ्यातील गोष्ट. या परिसरात सेवेला येऊन मला तीन वर्षे झाली होती. (मध्यंतरी बदली होऊन मी अन्यत्र गेलो, आता पुन्हा इकडेच परतलो आहे.) एका परिचित कुटुंबाने मला तळहाताएवढे एक यंत्र भेट दिले होते. गाडीच्या पुढच्या काचेला रबरी चकतीने चिकटवायचे, ठिकाणाचे नाव लिहायचे, की त्यातून एक शांत, अदबशीर स्त्रीस्वर आपल्याला वळणावळणाने नेत असे. आज हे काम मोबाईल करतो. त्या वेळी त्या यंत्राचे मोठे अप्रूप होते. मला तर ते विशेष आवडले. रात्री-अपरात्री आजाऱ्यांकडे जाणाऱ्या धर्मगुरूला यापेक्षा सोयीचे काय असणार?

रात्री साडेदहाच्या सुमारास फोन आला. पालेगावच्या बाजूला नव्या इमारतीत राहणाऱ्या एका आजींची प्रकृती अत्यवस्थ होती. त्यांचा मुलगा म्हणाला, "फादर, आई शुद्धीवर आहे. रुग्णाभ्यंग हवा म्हणते. लवकर याल ना?" मी पवित्र तेल आणि ख्रिस्तप्रसाद घेऊन निघालो. मुलगा वाट सांगू लागला होता. मी त्याला थांबवले. म्हणालो, "काळजी करू नका, माझ्याकडे यंत्र आहे."

पालेगाव हे अंबरनाथ पूर्वेकडील जुने गाव. गावठाणाभोवतीच्या जमिनीवर तेव्हा उंच इमारती उभ्या राहत होत्या आणि महिन्या-महिन्याला नवे रस्ते निघत होते, जुने बंद होत होते. यंत्रातील नकाशा मात्र ते विकत घेतले त्या दिवसाचाच होता. त्याने मला एका कच्च्या रस्त्याने नेले. पुढे बांधकामाची भिंत आली. त्या भिंतीपलीकडे इमारतीचे दिवे दिसत होते. पण मध्ये नाला. यंत्र म्हणाले, सरळ जा. मी गाडी मागे घेतली. यंत्राने हिशेब नव्याने मांडला आणि दुसऱ्या बाजूने फिरवून मला त्याच भिंतीशी आणले. असे तीनदा झाले. अखेर मुलाला फोन केला, तर पावसामुळे म्हणा वा कशामुळे म्हणा, तो लागेना. मी पोहोचलो तेव्हा सव्वाबारा वाजले होते. आजींनी दहा मिनिटांपूर्वी प्राण सोडला होता.

मृत व्यक्तीला रुग्णाभ्यंग देता येत नाही, हे वाचकांना ठाऊक आहे. मी मृतांसाठीच्या प्रार्थना म्हटल्या. कुटुंबीय रडत होते. कोणी मला एका शब्दाने बोलले नाही. तरीही मी आपण होऊन म्हणालो, "काय करणार, यंत्राने वाट चुकवली."

हे वाक्य खरे होते काय? येथूनच माझ्या प्रश्नाला आरंभ होतो.

प्रथम यंत्राची बाजू समजून घेऊ. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांवर ही सारी व्यवस्था उभी आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने त्यांतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. किमान २४ उपग्रहांची व्यवस्था १९९५ साली पूर्ण झाली. १९८३ साली कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि पाडले गेले. २६९ माणसे मेली. त्यानंतर ही लष्करी विद्या नागरिकांसाठीही खुली करण्याचे अमेरिकेने जाहीर केले. तरी नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम दोष ठेवला जात असे. तो मे २००० मध्ये काढून टाकण्यात आला आणि मगच गाडीत बसवण्याजोगी यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. आपल्या भारतानेही २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडून 'नाविक' ही व्यवस्था उभारली.

प्रत्येक उपग्रहात एक अतिशय अचूक घड्याळ असते. उपग्रह सतत सांगत असतो : मी येथे आहे आणि आता अमुक वाजले आहेत. गाडीतील यंत्र काहीही विचारत नाही. ते केवळ ऐकते. चार उपग्रहांचे संदेश किती वेळाने आले, यावरून ते स्वतःचे स्थान काढते. या हिशेबात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तर जमिनीवर ३०० मीटरचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धांतानुसार उपग्रहावरील घड्याळे पृथ्वीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. तो फरकही आधीच वजा केलेला असतो. मानवी बुद्धीची ही किमया पाहून मन नम्र होते.

परंतु, वाचकहो, एक भेद येथे नीट ध्यानात घेतला पाहिजे. उपग्रह आपल्याला सांगतो तो इतकाच, की आपण कोठे आहोत. पुढे रस्ता आहे की नाही, हे त्याला मुळीच ठाऊक नसते. रस्ता सांगतो तो नकाशा; आणि नकाशा माणसांनी केलेला असतो. त्या रात्री माझे स्थान यंत्राला अचूक कळले होते. चूक होती ती नकाशात, म्हणजे कोण्या अनोळखी माणसाच्या जुन्या साक्षीत.

नकाशा ही साक्ष आहे, हे आपण विसरतो. भारताची महान त्रिकोणमितीय मोजणी १८०२ साली मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटच्या परिसरात आधाररेषा आखून सुरू झाली. प्रेषित संत थॉमस यांच्या स्मृतीशी निगडित असलेली ही टेकडी आपल्याला परिचित आहे. ती मोजणी सुरू करणारे विल्यम लॅम्बटन वीस वर्षे उन्हापावसात मोजमाप करत उत्तरेकडे सरकत राहिले आणि १८२३ साली, काम अपुरे असतानाच, आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारले. नकाशावरील प्रत्येक रेघेमागे असे कोणाचे तरी चालणे असते. ती रेघ खरी असते, पण ज्या दिवशी कोणी तेथून चालले त्या दिवसापुरती. म्हणून नकाशावर विश्वास ठेवणे म्हणजे यंत्रावर विश्वास ठेवणे नव्हे. ते एका न दिसणाऱ्या साक्षीदारावर विश्वास ठेवणे आहे.

मग असा विश्वास ठेवणे चूक काय? मुळीच नाही. डॉक्टरांनी दिलेले औषध आपण तपासून घेत नाही. रेल्वेच्या मोटरमनला आपण रुळांविषयी विचारत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात विवेक या सद्‌गुणाचे घटक सांगितले आहेत. त्यांत स्मरण आहे, दूरदृष्टी आहे, भोवतालचे भान आहे, सावधपणा आहे. आणि त्यांतच दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हाही एक घटक आहे. सेमिनरीत हे शिकताना मला नवल वाटले होते. दुसऱ्याचे ऐकणे हा दुबळेपणा नसून विवेकाचाच भाग आहे, असे ते म्हणतात. कोणताही मनुष्य सर्व काही स्वतः जाणू शकत नाही.

आमच्या धर्मग्रामातील एक परिचारिका परदेशात घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करते. ती मला म्हणाली, "फादर, अनोळखी शहर, रात्रीची वेळ, आणि मी एकटी बाई. तो आवाज नसता, तर मी ही नोकरी करूच शकले नसते." तिचे म्हणणे मी कधी विसरत नाही. 'पूर्वी माणसे एकमेकांना वाट विचारत, किती छान होते ते!' असे म्हणणे पुरुषांना सोपे जाते. अंधारात अनोळखी माणसापाशी गाडीची काच खाली करणे प्रत्येकाला सारखेच सुरक्षित नसते. तेव्हा यंत्राला सरसकट दोष देणारा उपदेश मला येथे करावयाचा नाही.

मात्र अक्वायनस यांच्या यादीत ऐकण्याची तयारी एकटी नाही. भोवतालचे भान आणि सावधपणा तिच्या शेजारी बसलेले आहेत. यांपैकी एकालाच गाडीत घेऊन बाकीच्यांना रस्त्यावर उतरवले, तर काय होते, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांपुढे आहेत. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, फोनवरील नकाशा पाहत रात्री कोतूळजवळ आली. नकाशावर पूल होता. प्रत्यक्षात तो पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली गेला होता. स्थानिकांना ते ठाऊक होते. म्हणून ते त्या वाटेने जात नव्हते. मोटार पाण्यात गेली. दोघे पोहून वाचले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरील अर्धवट पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे दगावले. जुलै २०२५ मध्ये आपल्या नवी मुंबईत बेलापूर येथे एका महिलेची मोटार पुलावरून न जाता पुलाखालच्या रस्त्याने सरळ खाडीत उतरली. सागरी सुरक्षा पोलिसांनी तिला वेळेवर बाहेर काढले, ही देवाची कृपा.

या घटनांत दोष कोणाचा? बरेलीच्या प्रकरणी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांवर गुन्हा नोंदवला गेला आणि नकाशा पुरवणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याचाही त्यात उल्लेख झाला. हे योग्यच म्हणावे लागेल. तुटलेल्या पुलावर अडथळा न उभारणे हा अपराध आहे, आणि ज्याच्या शब्दावर हजारो लोक रात्री गाडी हाकतात, त्याने आपला शब्द ताजा ठेवणे हे त्याचे कर्तव्य आहे. अंधारात, पाण्याची पातळी न दिसता बुडालेल्या त्या चालकाला दोष देण्याचे धाडस माझ्याच्याने होणार नाही. नीतिशास्त्रात आम्ही अज्ञानाचे दोन प्रकार शिकतो : जे प्रयत्न करूनही दूर झाले नसते ते, आणि जे थोड्याशा प्रयत्नाने दूर झाले असते ते. पहिल्याचे पाप लागत नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र द्यावे लागते.

आता मी माझ्या भिंतीकडे परत येतो. माझे अज्ञान कोणत्या प्रकारचे होते?

पहिल्यांदा भिंतीशी आलो, तेव्हा ते पहिल्या प्रकारचे होते. नकाशा जुना आहे, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्यांदा आलो, तेव्हा ते तसे राहिले नव्हते; कारण भिंत मी डोळ्यांनी पाहिली होती. तिसऱ्यांदा आलो, तेव्हा तर त्याला अज्ञान म्हणण्यात अर्थच नव्हता. आणि आजवर मी जे थोड्याच लोकांना सांगितले, ते आता लिहितो. त्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी एका पत्र्याच्या शेडमध्ये राखणदार बसला होता. त्याच्या कंदिलाचा उजेड मी तिन्ही वेळा पाहिला. तिन्ही वेळा मी त्याच्यापुढून गेलो. एकदा तर त्याने हात वर केला. मला वाटले, तो गाडी मागतो आहे. यंत्राचा आवाज इतका निश्चिंत होता आणि माझ्या मनातील घाई इतकी मोठी, की थांबून काच खाली करण्याची लाज वाटली. आपण शिकलेले, आपल्याजवळ उपग्रहांशी बोलणारे यंत्र, आणि विचारायचे कोणाला, तर राखणदाराला! चौथ्या वेळी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "फादर, मघाशी हात केला होता ना मी. ही वाट दोन महिने बंद आहे. गावठाणातून जा, पाच मिनिटं लागतील." खरोखरच पाचच मिनिटे लागली.

तेव्हा वाट यंत्राने एकदा चुकवली, दोनदा मी चुकवली. पण 'यंत्राने वाट चुकवली' या वाक्यात माझी दोन वेळा कोठेच नव्हती. दोष जेव्हा अनेकांत विभागलेला असतो, तेव्हा प्रत्येकाला आपला वाटा दुसऱ्याच्या पानात सरकवण्याची सोय होते. वाटा विभागला म्हणून माझा वाटा नाहीसा होत नाही. सदसद्‌विवेकबुद्धी ही अशी जागा आहे, की जेथे मनुष्य एकटाच उभा असतो. तेथे बदली माणूस पाठवता येत नाही, यंत्र तर नाहीच.

पूर्वेकडील ज्ञानी लोकांची कथा या संदर्भात मी पुन्हा वाचली. त्यांनाही आकाशातील एक तेजोगोल वाट दाखवत होता. तरीही यरुशलेममध्ये आल्यावर त्यांनी लोकांना विचारले. तारा पाठीशी असताना विचारण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. विचारले ते हेरोदाच्या नगरीत, आणि त्यातून अनर्थही ओढवला. म्हणजे विचारणेदेखील डोळसपणे करावे लागते. परतताना मात्र, राजाने सांगितलेले असूनही, ते त्याच्याकडे गेले नाहीत. दुसऱ्या वाटेने गेले. तारा, माणसे आणि अंतरातील सूचना या तिन्हींचे त्यांनी ऐकले, आणि कोणा एकाच्या हाती स्वतःला सोपवून ते निजले नाहीत.

याहूनही एक खोल गोष्ट त्या रात्रीने मला दाखवली. लंडनमधील टॅक्सीचालकांना परवान्यासाठी शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात. ही परीक्षा एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की या चालकांच्या मेंदूतील स्थलस्मृतीशी संबंधित असलेल्या एका केंद्राचा मागील भाग इतरांपेक्षा मोठा असतो. रस्ते माणसाच्या आत जाऊन राहतात, असा याचा अर्थ मी घेतो. त्या आजी तीन वर्षे माझ्या धर्मग्रामात होत्या. दर रविवारी रिक्षाने मिस्साला येत. गेले सहा महिने त्या दिसल्या नव्हत्या. मी एकदाही त्यांच्या घरी गेलो नव्हतो. गेलो असतो, तर मला त्या रात्री यंत्राची गरजच पडली नसती; नकाशा जुना असो वा नवा, वाट माझ्या पायांना ठाऊक असती. मेंढपाळाला आपल्या मेंढराचे घर उपग्रहाला विचारावे लागले, यात उपग्रहाचा काय दोष?

अंत्यविधीनंतर आठवड्याने मी त्या घरी गेलो, गावठाणातून, चालत. मुलाला सर्व सांगितले : भिंत, तीन फेऱ्या, राखणदाराचा हात. तो रागावेल, अशी माझी अपेक्षा होती. रागावला असता, तर मला बरे वाटले असते. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "चूक आमचीच, फादर. कोपऱ्यावर कोणाला तरी उभं करायला हवं होतं. ते रात्रभर मला खातंय."

ज्याने वाट सांगू केली आणि ज्याला मीच थांबवले, तो मुलगा आठ दिवस दोष स्वतःकडे घेऊन जागत होता. आणि मी माझा दोष काचेवरच्या एका यंत्राच्या माथी मारून त्या रात्री निवांत झोपलो होतो! माझ्या अर्धवट वाक्याने कोणाचे काही बिघडले नाही, असे मला वाटत होते. तसे नव्हते. मी जे उचलले नाही, ते त्याने उचलले होते. त्या दिवशी त्याच्यापुढे मी जे बोललो, त्याने त्याचे ओझे थोडे तरी उतरले असेल, अशी आशा मी बाळगतो.

आजही मी फोनवरील नकाशा वापरतो. वापरू नये, असे कोणास सांगत नाही. मात्र दर आठवड्यास दोन घरी चालत जाण्याचा नेम ठेवला आहे आणि जेथे जायचे, तेथील माणूस वाट सांगू लागला, तर त्याला थांबवत नाही.

टेम्पोवाल्या बंधूला मी एवढेच विचारले, "गल्ली अरुंद आहे, हे तुला केव्हा दिसलं?" तो खाली पाहत म्हणाला, "तोंडाशीच, फादर." पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर त्याने सांगितले, की तो कॅम्पात जाऊन पायरीचे पैसे देऊन आला. बाईंनी आधी नको म्हटले, मग चहा दिला. आणि परतीची सोपी वाटही दाखवली.